अर्ज गेले, आता वाट पाहणं: सीनियर मुलांचे आईबाबा (अमेरिका)

रानजाई | १६ डिसेंबर

अमेरिकेत हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलांच्या आईबाबांसाठी हा धागा काढते आहे. अर्ज कसे भरायचे, निबंध कसे लिहायचे यावर इथे बरंच लिहून झालंय. मला बोलायचंय ते अर्ज गेल्यानंतरच्या महिन्यांबद्दल.

माझ्या मुलाने एका कॉलेजला अर्ली डिसिजनने अर्ज केला होता, म्हणजे लवकर अर्ज करायचा आणि होकार आला तर तिथेच जायचं. गेल्या आठवड्यात निकाल आला: डिफर्ड. नकार नाही, होकारही नाही, नियमित फेरीत पुन्हा बघू. तेव्हापासून तो फार कमी बोलतो. जेवतो, शाळेत जातो, बाकीचे अर्ज १ जानेवारीच्या आत जायला हवेत म्हणून रात्री बसतो. मी आणि नवरा त्याच्याभोवती घुटमळत राहतो.

आम्ही दोघं भारतात शिकलो. बारावीचे मार्क कळले की कुठे प्रवेश मिळेल याचा अंदाज यायचा. यादी लागायची, आपलं नाव कितवं आहे ते दिसायचं. वाईट वाटलं तरी कारण समोर असायचं. इथे कशामुळे अडलं हे कुणीच सांगत नाही, आणि मला सगळ्यात जास्त त्रास त्याचाच होतोय.

ज्यांची मुलं यातून गेली त्यांनी कृपया लिहा. घरात कसे वागलात? काय विचारलंत, काय विचारायचं टाळलंत? भारतातल्या आजीआजोबांना काय सांगितलंत?

ओहायोकर | १६ डिसेंबर

रानजाई, आधी एक कामाची गोष्ट. डिफर झालं की अर्ली डिसिजनचं बंधन सुटतं. मार्चमध्ये तिथूनच होकार आला तरी तुमचा मुलगा दुसरीकडे जायला मोकळा असतो. त्याला हे ठाऊक असेल, पण घरातल्या मोठ्यांनाही ठाऊक असलेलं बरं. मग बाकीच्या कॉलेजांकडे 'उरलेली' म्हणून बघणं थांबतं.

आमची लेक आता कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या वेळी आम्ही तिलाच विचारलं की या काळात आम्ही कसं वागलेलं तुला चालेल. तिचं उत्तर तयार होतं. निकाल मी एकटी बघणार, पोर्टलचा पासवर्ड मागायचा नाही, आणि निकालाच्या दिवशी मुद्दाम ऑफिसातून लवकर यायचं नाही. शेवटची अट ऐकून बायकोला फार लागलं. लेकीचं म्हणणं होतं, नकार आला तर तो आधी मला पचू दे, मग मी तुम्हाला सांगते. पहिला नकार तिने आम्हाला दुसऱ्या दिवशी सकाळी, शाळेचा डबा भरता भरता सांगितला. तोवर ती सावरली होती.

चैत्रपालवी | १७ डिसेंबर

ओहायोकर, तुमच्या मुलीचा स्वभाव तसा असेल. आमच्या मुलाला एकटं सोडलं असतं तर ते त्याला अजिबात झेपलं नसतं. डिफर झाला त्या रात्री तो गादी ओढत आमच्या खोलीत येऊन झोपला. आम्ही काही समजावलं नाही. 'जे होतं ते चांगल्यासाठी' असंही म्हटलं नाही. ते आम्हाला तरी कुठे माहीत होतं?

'मुलांना मोकळं सोडा' हा सल्ला सरसकट नको, एवढंच मला म्हणायचंय. काही मुलं गप्प होतात ती एकटं राहायचंय म्हणून नाही, आईबाबांना वाईट वाटेल म्हणून. रानजाई, तुमचा मुलगा यातला कुठला?

रानजाई | १७ डिसेंबर

दुसऱ्यातला. हे वाचेपर्यंत मी असा विचारच केला नव्हता. तो आम्हाला जपतोय.

दप्तर | १७ डिसेंबर

मी एका सरकारी हायस्कूलमध्ये काउन्सेलर आहे. डिसेंबरचा हा आठवडा आमच्याकडे दरवर्षी असाच जातो. थोडं सविस्तर लिहिते.

'कशामुळे अडलं' या प्रश्नाबद्दल. रानजाई, तुम्ही यादीचं लिहिलंत ते अगदी बरोबर आहे, कारण फरक मुळात तिथेच आहे. भारतात आपण पाहिलेली पद्धत मुलांना क्रमाने लावायची. इथली निवडक कॉलेजं क्रम लावत नाहीत, वर्ग जमवतात. ऑर्केस्ट्रात यंदा ओबो वाजवणारं कुणी नाही, भूशास्त्राला विद्यार्थी कमी पडताहेत, अमुक राज्यातून गेली काही वर्षं कुणी आलेलं नाही, कम्प्युटर सायन्सच्या जागांपेक्षा अर्ज कितीतरी पट जास्त आहेत, अशा गोष्टी त्यात येतात. तुमच्या मुलाला त्या दिसत नाहीत आणि त्याच्या हातातही नाहीत. हार्वर्डकडे २०२४ च्या प्रवेशासाठी सुमारे ५४ हजार अर्ज होते आणि होकार गेले १,९०० च्या आसपास. नकार मिळालेल्यांपैकी कितीतरी मुलं तिथे उत्तम शिकली असती. म्हणून 'काय कमी पडलं' हे मुलासमोर बसून शोधू नका. उत्तर मिळत नाहीच, आणि स्वतःतच खोट आहे असं ते मूल धरून चालतं.

आता करण्यासारखं काय. डिफर झालेल्या मुलाने त्या कॉलेजला एक छोटं पत्र लिहावं: मला अजूनही इथे यायचंय, आणि नोव्हेंबरनंतर माझ्याकडे हे नवीन आहे. एका पानाच्या आत, कॉलेजने पोर्टलवर जागा दिली असेल तर तिथेच. काही कॉलेजं असं काहीही पाठवू नका म्हणून स्पष्ट सांगतात, तिथे पाठवू नये. शाळेकडून सहामाही मार्क जातात आणि डिफर झालेल्यांच्या बाबतीत ते नीट पाहिले जातात. पत्र मुलानेच लिहायचं. अ‍ॅडमिशन ऑफिसला आईबाबांनी फोन केल्याने काही फायदा झालेला मी पाहिलेला नाही.

आणि एक विनंती. उदास होणं स्वाभाविक आहे. पण झोप पार बिघडली, जेवण सुटलं, मित्र तोडले, 'माझा काही उपयोग नाही' असं मूल बोलू लागलं, तर मार्चपर्यंत थांबू नका. डॉक्टरांशी आणि शाळेशी बोला. ९८८ हा क्रमांक देशभर दिवसरात्र चालतो, त्यावर फोन करता येतो आणि मेसेजही. मुलाच्या फोनमध्ये आजच घालून ठेवा.

पिंपळपान | १८ डिसेंबर

दप्तर, खूप आभार. नवऱ्याला वाचून दाखवलं. वाचते आहे, अजून येऊ द्या.

तिसरा मजला | १९ डिसेंबर

मी इथे सहसा लिहीत नाही. आई हा धागा वाचत होती, तिने मला पाठवला. मी कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आहे. मराठी चुकलं तर सांभाळून घ्या.

मुलांच्या बाजूने सांगते. आईबाबांनी विचारलं म्हणून मला त्रास झाला नाही. त्रास झाला तो ते फोनवर दुसऱ्यांना सांगत होते त्याचा. मी जिन्यात उभी असायचे आणि खाली आई मावशीला सांगत असायची, 'अजून काही नाही गं, बघू.' त्या 'बघू'चा सूर मला आजही आठवतो. मंडळाच्या दिवाळीला प्रत्येक काका-काकू विचारायचे, कुठे कुठे केलंस अप्लाय? मी पाच नावं सांगितली की ती पुढच्या आठवड्यात सगळ्यांना माहीत. मग नकार येतात ते पाच घरांना नाही, पन्नास घरांना येतात.

दुसरी गोष्ट. माझे बाबा त्या हिवाळ्यात दर शनिवारी मला गाडी चालवायला घेऊन जायचे. मला लायसन्स मिळालेलं होतं, पण ते म्हणायचे हायवेची सवय हवी. गाडीत कॉलेजचा विषय नसायचा. मला वाटतं त्यांनी ते मुद्दाम केलं. कधी विचारलं नाही. पण आठवड्यातली ती एक वेळ अशी होती की मी अर्जदार नव्हते.

मला हवं होतं ते कॉलेज मिळालं नाही. मी राज्य विद्यापीठात आहे, इथली प्रयोगशाळा मला आवडते. 'सगळं चांगलंच होतं' म्हणून मी हे लिहीत नाहीये. दोन महिने मला वाईट वाटत होतं, आणि आईबाबांनी ते वाटू दिलं.

ओहायोकर | १९ डिसेंबर

तिसरा मजला, तुझं मराठी उत्तम आहे. कुठे अप्लाय केलं हे बाहेर न सांगण्याचा मुद्दा प्रत्येक घराने सप्टेंबरातच ठरवायला हवा. 'मुलगी सांगेल तेव्हा सांगेल' एवढं वाक्य पुरतं. लोक आधी जरा दुखावतात, पण ऐकतात.

निळा कागद | ४ जानेवारी

आमच्या घरात दोन प्रतीक्षा एकावर एक चालू आहेत, म्हणून लिहितो. आम्ही एच-वनवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, आणि मुलगी आमच्यावर अवलंबून म्हणून एच-फोरवर. ती चार वर्षांची असताना आलो. ग्रीन कार्डचा अर्ज मंजूर आहे, पण भारतात जन्मलेल्यांच्या रांगेत तारीख सरकत नाही. ती २१ ची होईपर्यंत कार्ड आलं नाही तर आमच्यावर अवलंबून म्हणून तिला इथे राहता येणार नाही, स्टुडंट व्हिसा घ्यावा लागेल.

तोवर कॉलेजच्या बाबतीत असं आहे: फॅफ्सा या अर्जातून मिळणारी केंद्र सरकारची शिक्षणासाठीची मदत एच-फोरच्या मुलांना मिळत नाही. बरीच खासगी कॉलेजं आर्थिक मदतीसाठी तिला परदेशी विद्यार्थी धरतात, आणि परदेशी विद्यार्थ्याने मदत मागितली की बहुतेक ठिकाणी प्रवेशाच्या निर्णयावरच त्याचा परिणाम होतो. परदेशी मुलांच्या बाबतीतही ऐपत न बघता निर्णय घेणारी कॉलेजं मोजकी आहेत, एमआयटी, हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, अ‍ॅमहर्स्ट वगैरे. राज्य विद्यापीठात राज्यातल्या मुलांची फी लागू होते का, हे राज्यावर अवलंबून.

ती इथे किंडरगार्टनपासून शिकली. वर्गातल्या मैत्रिणी ज्या चर्चा करतात त्यातल्या अर्ध्या तिला लागूच होत नाहीत. तिला हे कळतं आणि ती कुरकुर करत नाही, याचंच मला जास्त वाईट वाटतं. अशा घरातलं आणखी कुणी इथे आहे का?

चाफेकळी | ५ जानेवारी

आहे. थोरला मुलगा एच-फोरवर असतानाच कॉलेजला लागला. तुमच्या राज्यातल्या विद्यापीठाच्या रेसिडेन्सी ऑफिसला (राज्यातल्यांची फी कुणाला लागू ते ठरवणारं), अ‍ॅडमिशन ऑफिसला नव्हे, आत्ताच ईमेल करून व्हिसाचा प्रकार सांगा आणि उत्तर लेखी घ्या. फोनवर दोन वेळा दोन वेगळी उत्तरं मिळू शकतात. आणि २१ चा हिशेब वकिलाकडून आत्ताच करून घ्या. अर्ज प्रलंबित होता तो काळ काही नियमांनी वयातून वजा होतो, त्यामुळे खरी तारीख तुम्हाला वाटते त्यापेक्षा थोडी पुढे असू शकते.

मुलीशी हे सगळं आकड्यांसकट बोला. आमचा मुलगा म्हणाला होता की, अंदाज बांधत बसण्यापेक्षा मला खरं सांगा. त्याला धीर आला तो त्यानेच.

अंगणातला झोपाळा | ११ जानेवारी

मी इकडे भारतात आहे, वय ७३. नात अमेरिकेत, यंदा तिचं हे वर्ष. 'आजीआजोबांना काय सांगितलंत' हा प्रश्न वाचला आणि लिहावंसं वाटलं.

आम्हाला कुणीच काही सांगत नाही. सून म्हणते, बाबा, कळलं की कळवतो. ते ठीक आहे. पण आम्ही दर रविवारी व्हिडिओ कॉलवर असतो, समोर नात असते, आणि विचारायचं काय हेच सुचत नाही. कॉलेजचं विचारलं की तिचा चेहरा उतरतो. नाही विचारलं तर आजोबांना काही पडलेली नाही असं तिला वाटेल का? तिसरा मजला या मुलीला विचारतो, आम्ही काय बोलावं?

तिसरा मजला | ११ जानेवारी

आजोबा, तुमच्याबद्दल बोला ना. तुमच्या शाळेचं, नोकरीच्या पहिल्या दिवसाचं, काहीही. किंवा तिला काहीतरी शिकवायला सांगा, फोनमधलं, गाण्यातलं. माझी आजी त्या वर्षी माझ्याकडून गिटारचे कॉर्ड शिकत होती. तिला वाजवता येत नव्हतं, ती नुसती नावं पाठ करायची. मी त्या कॉलची वाट बघायचे.

अंगणातला झोपाळा | १९ जानेवारी

नात मला बुद्धिबळाचा ऑनलाइन डाव शिकवते आहे. मला बुद्धिबळ येतं, फोन येत नाही. आभारी आहे, बाळ.

गुलबक्षी | २० फेब्रुवारी

मला एका गोष्टीवर मत हवंय. मुलगा रात्री दोन-दोन वाजेपर्यंत ते ऑनलाइन ग्रुप वाचतो. पोर्टलवर अमुक बटण दिसू लागलं म्हणजे होकार, पत्ता बदलता येईनासा झाला म्हणजे नकार, असलं सगळं. शिवाय लोक आपले मार्क टाकतात आणि 'माझा चान्स किती' विचारतात. वायफाय बंद करावं का?

दप्तर | २० फेब्रुवारी

पोर्टलमधल्या बटणांवरून निकाल काढणं हा दरवर्षीचा खेळ आहे आणि त्यात तथ्य नसतं. मुलांनाही ते आतून माहीत असतं. काहीतरी हातात आहे असं वाटावं म्हणून ती ते वाचतात. वायफाय बंद केल्याने वाचणं थांबेल, काहीतरी हातात असण्याची गरज थांबणार नाही. त्याला खरंच हातात असलेलं काम द्या. स्थानिक शिष्यवृत्त्यांचे अर्ज फेब्रुवारी-मार्चमध्ये असतात, रक्कम लहान असते, पण अर्ज करणारेही कमी. आणि अभ्यास सुटू देऊ नका. प्रवेश शेवटच्या मार्कपत्रिकेवर अवलंबून असतो, मार्क फार घसरले तर कॉलेज होकार मागे घेऊ शकतं.

तारखांचं एक. एमआयटी बरीच वर्षं १४ मार्चला निकाल लावते. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे कॅम्पस मार्चभर आपापल्या दिवशी लावतात. आयव्ही लीगची (हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन वगैरे) आठही कॉलेजं मार्चअखेरीस एकाच संध्याकाळी. ती संध्याकाळ मुलांना फार जड जाते, कारण चार-पाच नकार एका तासात येऊ शकतात. त्या दिवशी दुसऱ्या दिवसाची परीक्षा, पाहुणे, समारंभ काही ठेवू नका.

चैत्रपालवी | २१ फेब्रुवारी

आणि व्हिडिओ नको. निकाल उघडतानाचा मुलाचा चेहरा टिपायची सध्या पद्धत पडली आहे. त्याने स्वतःहून म्हटलं तर गोष्ट वेगळी.

आणखी एक. धाकट्या भावंडांकडे लक्ष असू द्या. आमची नववीतली मुलगी त्या मार्चमध्ये म्हणाली, 'दादाला नाही मिळालं तर मला कसं मिळणार?' आमचं तिच्याकडे लक्षच नव्हतं.

पिंपळपान | २२ मार्च

इथे नकार. दोन आले, एका दिवसात. मुलगी बाहेर चालायला गेली आहे, नवरा मागे मागे गेला आहे. मी इथे लिहिते आहे.

रानजाई | २२ मार्च

पिंपळपान, मी आहे. खासगी मेसेज केलाय, फोन कर.

निळा कागद | ३० मार्च

कळवतो. मुलीला आमच्या राज्य विद्यापीठात प्रवेश मिळाला, राज्याच्याच फीवर. चाफेकळी, तुमच्या सल्ल्याने घेतलेलं ते लेखी उत्तर बिलिंगच्या वेळी दाखवावं लागलं तर हाताशी आहे. ज्या खासगी कॉलेजात तिचा जीव होता तिथे होकार आहे, पण मदत शून्य. आम्ही तिघं बसून चार वर्षांचा हिशेब लिहिला. 'आम्ही कसंही करून करू' हे वाक्य ओठावर आलं होतं. तिनेच कागदावरचा शेवटचा आकडा खोडला आणि म्हणाली, हे नको. त्या रात्री मला झोप लागली नाही. पण निर्णय तिचा आहे आणि योग्य आहे.

चाफेकळी | ३० मार्च

तुमच्या लेकीला खूप शुभेच्छा. इतरांसाठी: मदतीचं पत्र वाचताना अनुदान आणि कर्ज वेगळं करून बघा. काही पत्रांत दोन्ही एकाच यादीत असतात आणि बेरीज मोठी दिसते. गेल्या वर्षात नोकरी गेली असेल, मोठं आजारपण झालं असेल तर कागदपत्रं जोडून फेरविचार मागता येतो. ही विनंती आईबाबांनी करायची असते, इथे फोन करायला हरकत नाही.

पिंपळपान | १५ एप्रिल

विचारायचं होतं. मुलीला एका कॉलेजात वेटलिस्ट मिळाली आहे. तिने नाव ठेवलंय. दुसऱ्या एका ठिकाणी होकार आहे, ते तिला बऱ्यापैकी आवडतं. आता आणखी दोन महिने हेच चालू ठेवायचं का? घरात सगळे दमलेत.

दप्तर | १५ एप्रिल

होकार असलेल्या कॉलेजला १ मेच्या आत डिपॉझिट भरा, एकाच कॉलेजला. वेटलिस्टवर नाव राहू दिलं तरी ते भरावंच लागतं. वेटलिस्टमधून बोलावणं आलं तर ही रक्कम सहसा परत मिळत नाही, ते धरून चाला.

त्या कॉलेजचा 'कॉमन डेटा सेट', म्हणजे दरवर्षीच्या आकड्यांचं पत्रक, शोधा. त्यात सी-२ या भागात वेटलिस्टचे आकडे असतात: किती जणांना देऊ केली, किती जणांनी नाव ठेवलं, शेवटी किती जणांना घेतलं. दोन-तीन वर्षांचे बघा. एखाद्या वर्षी शेकडो घेतलेले असतात, एखाद्या वर्षी कुणीच नाही. आकडे मुलीला दाखवा आणि नाव ठेवायचं की काढायचं ते तिला ठरवू द्या. ठेवलं तर एकच पत्र पाठवायचं, डिफरसारखंच.

आणि मग होकार आलेल्या कॉलेजच्या कामाला लागा. हॉस्टेलचा फॉर्म, लसीकरणाचे कागद, ओरिएंटेशनची तारीख. काही ठिकाणी हॉस्टेल आधी भरणाऱ्याला आधी मिळतं, वेटलिस्टसाठी ते अडवून ठेवू नका.

इथल्या कुणाला १ मेपर्यंत एकही होकार नसेल तर त्यांच्यासाठी: अजून जागा शिल्लक असलेल्या कॉलेजांची यादी प्रवेश-समुपदेशकांची राष्ट्रीय संघटना, एनएसीएसी, मे महिन्यात प्रसिद्ध करते. कॅलिफोर्नियात असाल तर कम्युनिटी कॉलेजमधून (सरकारी, दोन वर्षांचं कॉलेज) कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सहा कॅम्पसमध्ये अटी पूर्ण केल्यास बदलीची हमी मिळते: डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा, सँटा क्रूझ. माझ्या शाळेतली मुलं दरवर्षी तसा विचार करतात. शंका असेल तर मला मेसेज करा, मी जूनपर्यंत रोज इथे बघते.

पिंपळपान | १६ एप्रिल

आकडे बघितले. मुलीने नाव काढलं. हॉस्टेलचा फॉर्म भरायला बसली आहे.